तळण आणि तळ

बिदर रोडला, डाळ मिलच्या पाठीमागं माझी पंप रूम.
दारावर लिहिलंय, चपला बाहेर काढा.
कुणी काढत नाही.
नोझलचं भोक केसाहून बारीक असतं,
धूळ चालत नाही त्याला, एवढंच म्हणायचं होतं मला.

त्या दिवशी टेम्पोच्या आधी वास आला.
मिरची भजी.
हाताखालचं पोरगं पाना ठेवून बाहेर जाऊन बघून आलं,
गाडा कुठंच नव्हता.
मग सायलेन्सर दिसला, मग टेम्पो,
मग उतरला मन्मथ बिरादार, कपाळाला विभूती, शर्टाला तेल.

"खय्युमभाई, गाडी झटके खालालीय.
हत्तीबेटाच्या चढाला तर दमच सोडलालीय."

हा पोरगा हॉटेलांच्या कढयांतलं जळकं तेल गोळा करतो,
डबा वीस रुपये कमी-जास्त,
शेडमध्ये निळ्या ड्रमांत शिजवतो, निवळतो, पाण्यानं धुतो,
आणि स्वतःच्याच टेम्पोत ओततो.
इंधन म्हणा, हट्ट म्हणा.

फिल्टर खोलला. काकवी.
खालच्या वाटीत पांढुरका फेस: धुण्यात घाई झालेली.
रिटर्नची रबरी नळी
भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी टम्म.
हे सगळं त्याच्या तेलाचं, मी बोललो तसं.
त्यानं मान खाली घालून ऐकलं,
वहीत लिहून पण घेतलं. "पाणी तीनदा. नळी बदलणे."
पण काकवी?
काकवी त्याची नव्हती.

टाकी उतरवली. आत बॅटरी मारली.
अर्धा पत्रा नव्यासारखा लखलखीत,
अर्ध्यावर वीस वर्षांचा काळा पापुद्रा,
कडेनं सुटत आलेला.
शाळेत नवा मास्तर यावा
आणि त्यानं जुन्या हजेऱ्या काढून बसावं,
तसं त्याचं तेल तळाला भिडलं होतं.
जे खरवडलं, ते निघालं पंपाच्या दिशेनं.

"तेलच वाईट का ओ माझं?"

केबिनमध्ये त्याच्या बापाचा फोटो. चंदनाचा हार.
ईरण्णा.
ईरण्णा रात्री यायचा, दिवे बंद करून,
मागं रॉकेलचे कॅन, ताडपत्रीखाली.
निम्मं डिझेल, निम्मं ते.
इंजिन खडखडायचं, मी पंपाचा टायमिंग सरकवायचो,
रॉकेल पचावं म्हणून.
दोन बोल्ट. पंधरा मिनिटं.
शंभराची नोट, आणि वर चहा.

पोराला काय सांगायचं.
की तुझं तेल धुवायला निघालंय,
आणि हे जे निघालंय त्यात तुझा बाप आहे,
आणि बापाच्या शेजारी, पाना घेऊन, मी?

म्हणलो, "जुन्या गाडीला होतं असं.
पहिले दोन-तीन फिल्टर खाईल. खाऊ दे.
थंडीत पहाटे तेल गोठलं तर डिझेल जास्त घाल.
मग चालेल."
हे सगळं खरं होतं.

पहिला फिल्टर आठ दिवसांत आला, काळा.
दुसरा दिवाळीच्या पुढं, तपकिरी.
तिसरा त्यानं स्वतः बदलला
आणि दाखवायला घेऊन आला, कागदात गुंडाळून,
पेढे आणावेत तसा.
मधाच्या रंगाचा.
मी उजेडात धरून बघितला.
मजुरी किती म्हणला.
नको म्हणलो.
घ्या की ओ म्हणला, एवढं काम केलाव.
नको म्हणलो ना.

जाताना अर्धा लिटरची बाटली ठेवून गेला, त्याच्या तेलाची.
आम्ही हात डिझेलनंच धुतो, सवय आहे.
संध्याकाळी ते घेतलं तळहातावर.
भज्यांचा वास, बोटं मऊ,
काळं सुटायला लागलं,
रेषांतलं, सांध्यांवरचं,
मग नखांच्या आतलं पण,
जे साबणानं कधी निघालं नव्हतं.

तेव्हा थांबलो.
बाटलीचं टोपण लावलं
आणि वरच्या फळीवर, मागं, सरकवून ठेवली.